भाजलेल्या डाळीचं पीठ

ता. ५ फेब्रुवारी

चि. बारकीस,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर मी ओरडते आणि तू फोन ठेवून देतेस. शिवाय महत्त्वाचं ते लेखी, हा नानांचा कायदा घरात अजून चालू आहे. आधी हे सांगते की तुझे दाजी आता घरी आहेत, बसून वरणासारखं पातळ काहीतरी गिळताहेत आणि मला उगाच घाबरट म्हणताहेत. आता पुढचं वाच.

गुरुवारी सकाळी डेपोत बस बाहेर काढायच्या आधी ह्यांनी कँटीनमध्ये चहा घेतला, रोजची बटाट्याची तळलेली कापं घेतली आणि घरून नेलेली बिस्किटं खाल्ली. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास लागेना. कंडक्टरने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं म्हणून आज मी सधवा आहे. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला की कोळंबी खाल्ली का. तुला माहीत आहे, आमच्या लग्नाच्या वर्षी एका कोळंबीने ह्यांचं काय केलं होतं ते. तेव्हापासून आमच्या घरात ती आणतसुद्धा नाहीत. बस रस्त्यावर निघाली असती आणि मग हे झालं असतं तर? मागे पन्नास माणसं बसलेली असतात गं.

दोष कुणाचा ते उघड आहे. कँटीनची ती बाई त्याच कढईत कोळंबी तळते आणि त्याच तेलात बटाटे. शुक्रवारी मी हॉस्पिटलच्या धुलाईघरातून तशीच, अंगावर रबरी एप्रन घालून, डेपोत गेले. माझ्या हाताखाली अकरा माणसं चादरी धुतात, मला हयगय चालत नाही हे तुला ठाऊक आहे. ती म्हणाली की महिनाभर कोळंबी कँटीनमध्ये आलेलीच नाही. इथवर मी ऐकून घेतलं. मग ती सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांसमोर म्हणाली की ड्रायव्हरसाहेबांच्या घरच्या डब्यालाच भाजलेल्या किड्यांचा वास येत होता! माझ्या डब्याला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथेच कागद मागून तक्रार लिहिली. डेपोच्या साहेबांनी तिला त्याच दिवशी घरी बसवलं. वीस तारखेला चौकशी आहे. तू कोंबडीखाद्याच्या कारखान्यात तपासणी खोलीत पाच वर्षं होतीस, तेव्हा कोळंबीचा अंश तेलात कसा राहतो ते शास्त्रशुद्ध लिहून पाठव. मी ते चौकशीत लावणार आहे.

नाना छान आहेत. ऑपरेशननंतर काडी झाले होते, अंडं नको, दूध पचेना. तू पाठवलेल्या डाळीच्या पिठाने मात्र जादू केली. दीड महिन्यात चार किलो वाढले, जिना न थांबता चढतात. तू डब्यावर त्यांच्याच पद्धतीने चिठ्ठी चिकटवलीस, जिन्नस, तारीख, कुणासाठी, सगळं, ते पाहून म्हातारा केवढा खूश झाला होता! वजनमापं खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या आपल्या वडिलांना आणखी काय हवं? बिनचिठ्ठीचा डबा या घरात अजूनही कुणी उघडत नाही. डबा संपत आला आहे, दुसरा पाठव. तू ‘फक्त नानांसाठी’ लिहिलं होतंस तरी मी त्यातलं दोन वाट्या पीठ ह्यांच्या बिस्किटांत घातलं, रागावू नकोस. दुहेरी पाळ्या करून हे फार थकले होते.

तुझे रातकिडे कसे आहेत ते विचारत नाही. माझं जेवण व्हायचं आहे.

लोभ आहेच, तुझा असू दे.
ताई


ता. ८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता मिळालं आणि उभ्याउभ्या उत्तर लिहिते आहे. दाजी कसे आहेत ते उलट टपाली कळव. अंगावर परत काही उठलं का, घसा मोकळा आहे का, डॉक्टरांनी काय काय दिलं, सगळं लिही.

तो पिठाचा डबा बाजूला ठेव. त्यातलं आता कुणालाही काही देऊ नकोस, उरलेली बिस्किटं टाकून दे. पीठ जुनं झालं असेल. नानांना मी वेगळं काहीतरी पाठवते.

आणि ताई, ती तक्रार मागे घे. दाजी बरे झाले, तेवढं पुरे. कुणाच्या पोटावर पाय कशाला? तेलातल्या अंशाबद्दल मी काही लिहून देऊ शकत नाही, मला त्या खोलीतून बाहेर पडून सहा वर्षं झाली.

इथे पंचवीस तारखेला अन्न खात्याची तपासणी आहे, त्यावर माझा परवाना ठरायचा आहे. मी त्या गडबडीत आहे, म्हणून इतकंच.

राग नसावा.
बारकी


ता. ११ फेब्रुवारी

चि. बारकीस,
आशीर्वाद आहेत, पण आज ते दात-ओठ खाऊन लिहिते आहे.

तक्रार मागे घे म्हणे! तुझ्या दाजींची जीभ तोंडात मावत नव्हती, नखं निळी पडली होती आणि तुला कँटीनवालीच्या पोटाची काळजी? तू कुणाची बहीण आहेस ते एकदा ठरव. मी तुझ्याकडे चार शास्त्रीय ओळी मागितल्या होत्या, उपदेश मागितला नव्हता.

आणि तुला राग कसा येत नाही गं? ती बाई माझ्या डब्याला किड्यांचा वास येतो म्हणाली. ह्यांची मेहुणी किडे पाळते हे डेपोत कुणीतरी पसरवलेलं असणार, म्हणूनच ती तसं बोलली. म्हणजे तुझा धंदा माझ्या तोंडावर फेकला. सहा वर्षं मी ही बोलणी खाते आहे. धुलाईघरातसुद्धा विचारतात, धाकटी काय करते? मी सांगते, पौष्टिक पदार्थांचा कारखाना आहे. पुढचं विचारलं की मी चादरी मोजायला लागते.

परवा ती बाई घरी आली होती. जिन्यात उभी राहून म्हणाली की त्या दिवशीची बिस्किटं ज्या पिठाची केली त्याचा डबा एकदा दाखवा, मी लांबूनच वास घेते, हातसुद्धा लावत नाही. हिंमत बघ! माझ्या स्वयंपाकघरात वास घेऊन मला चोर ठरवणार. मी डब्यावरची चिठ्ठी तिला दारातूनच वाचून दाखवली, भाजलेल्या डाळीचं पीठ. मग दार लावून घेतलं. ती बराच वेळ जिन्यात उभी होती. नंतर उतरून गेली.

नानाही विचित्रच वागताहेत. तेही म्हणाले, जाऊ दे ती तक्रार. का, विचारलं तर चष्मा पुसत बसले. तुम्ही दोघांनी मिळून काही ठरवलं आहे का? डबा बाजूला ठेवला आहे, पण पीठ जुनं कसं? चिठ्ठीवर तर डिसेंबरची तारीख आहे.

मला सरळ उत्तर हवं आहे.

ताई


ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सरळ उत्तर घे. त्या डब्यात डाळ नव्हती. रातकिडे होते. माझ्या शेडमधले, धुतलेले, उकळत्या पाण्यातून काढलेले, भट्टीत वाळवून दळलेले. चिठ्ठी मी खोटी लिहिली.

कोळंबी ज्यांना सोसत नाही त्यांना रातकिडेही सोसत नाहीत, त्यांच्यातला तो घटक सारखाच असतो. माझ्या प्रत्येक पाकिटावर हे लाल अक्षरांत छापलेलं असतं. फक्त त्या एका डब्यावर मी ते लिहिलं नाही. कसं लिहिणार? डाळीच्या पिठावर कोळंबीची सूचना कोण लिहितं? ‘फक्त नानांसाठी’ एवढं लिहून मला वाटलं की झालं. नानांना कोळंबी चालते. दाजी त्या डब्याजवळ येतील असं माझ्या मनातही आलं नाही. दाजींना काही झालं असतं तर ते मी मारल्यासारखंच होतं. हे मी कुणाकडेही नाकारणार नाही.

पण आता माझंही ऐकून घे, कारण हे सहा वर्षं पोटात साठलं आहे. मी डाळ का लिहिलं? तुम्ही मला दुसरं काही लिहू दिलं असतं का? मी पहिली पाकिटं घेऊन आले तेव्हा तू ती चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकलीस. माझ्या हातचा पेला तू दोनदा धुतलास, मी बघत होते. नाना म्हणाले की किड्यांच्या घरचं पाणीही पिणार नाही, आणि सहा वर्षं खरंच प्याले नाहीत. मी घरी यायचे तेव्हा तू माझं पांघरूण तुझ्या हॉस्पिटलच्या चादरींबरोबर उकळायला नेत होतीस. काय चावत होतं गं तुम्हाला?

एकदा येऊन तरी बघायचं होतं. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात शेड आहे, भिंती हातभर जाड, त्यामुळे ऊब टिकते. आत कोंडा, गाजराची देठं, ओला कापूस आणि अंड्यांच्या पुठ्ठ्यांच्या थप्प्या. तुमच्या स्वयंपाकघरापेक्षा माझी जमीन स्वच्छ असते. जेवढ्या चाऱ्यात एका गाईचं पोट भरत नाही तेवढ्यात माझं शेड महिनोन्महिने चालतं, पाणी तर नावाला लागतं. पन्नास ग्रॅम पिठात जेवढं प्रथिन आहे तेवढ्यासाठी नानांना पाच अंडी खावी लागली असती. लोक मध खातात, तो मधमाशीच्या पोटातून येतो. कोळंबीला पाय किती ते कुणी मोजत नाही. पण बारकीने रातकिडे पाळले की ती घाण!

नानांचं वजन उतरत चाललं होतं आणि तू फोनवर रडत होतीस. माझ्याकडे त्यांना उभं करणारी वस्तू होती आणि ती त्यांच्या नाकासमोर खरं नाव सांगून ठेवली असती तर त्यांनी उपाशी मरणं पत्करलं असतं. म्हणून खोटं लिहिलं. नाना उभे राहिले की नाही?

आता त्या बाईचं. ती खरं बोलत होती. तुझं पहिलं पत्र वाचून मला त्याच दिवशी कळलं होतं आणि तरीही मी तुला पीठ जुनं झालं असेल असं लिहिलं. पंचवीसची तपासणी होईपर्यंत थांब, एवढंच मागते. खोट्या चिठ्ठीची गोष्ट आत्ता बाहेर आली तर परवाना गेला, शेड गेलं, माझ्याकडे काम करणाऱ्या तिघी गेल्या. पंचवीसनंतर मी स्वतः डेपोत येऊन सांगते. दहा दिवसांचा प्रश्न आहे.

लोभ मागायचं तोंड नाही, म्हणून मागत नाही.
बारकी


ता. १७ फेब्रुवारी

बारकी,

मायना लिहायचा धीर झाला नाही, म्हणून तसंच सुरू करते.

तुझं पत्र मी धुलाईघरात वाचलं. एक बाई विचारत होती की गरम पाणी सोडू का, मला ऐकूच येत नव्हतं. मग घरी येऊन पुन्हा वाचलं. किडे, किडे, किडे. तुला वाटत असेल मला त्याचाच राग आला. नाही. ओकारी आली, ती खरी. पण दीड महिना नाना ते खाऊन माणसात आले आणि मी डोळ्यांनी पाहिलं, तेवढ्यापुरतं तू मला गप्प केलंस. पेला दोनदा धुतला हेही खरं आहे. त्याबद्दल नंतर कधीतरी मला चार शब्द सुनाव, मी ऐकून घेईन.

माझा राग वेगळा आहे. तू माझ्या हाताने माझ्या नवऱ्याला ते खायला घातलंस. मी पीठ मळलं, मी लाटलं, मी भाजलं, मी डबा भरून दिला आणि वर सांगितलं की सगळी संपवा. डॉक्टरांनी खोदूनखोदून विचारलं तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं की घरचं फक्त डाळीचं पीठ होतं. ते पुन्हा खाल्लं असतं तर? उरलेली बिस्किटं आठवडाभर फडताळात होती. हे म्हणत होते की चहाबरोबर दे, मीच आळस केला म्हणून दिली नाहीत.

आणि तू दहा दिवस मागतेस! ती बाई रोज सकाळी कुठे जाते ते तुला माहीत आहे का? डेपोच्या फाटकाबाहेर उभी राहते. आत घेत नाहीत. ड्रायव्हर लोक तिच्याकडे न बघता जातात, कारण माझ्या तक्रारीत मी लिहिलं की तिने माणूस मारायला घेतला होता. माझ्या अक्षरात लिहिलं आहे ते. तुझ्या तिघींची नावं तू घेतलीस, हिच्या घरी किती जणं आहेत ते मला विचारायचंही सुचलं नव्हतं.

वीस तारखेला चौकशी आहे. त्या दिवशी सकाळी दहाला तू डेपोत उभी पाहिजेस. नाही आलीस तर मी तुझं पत्र तिथे वाचून दाखवीन, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग परवान्याचं काय व्हायचं ते होवो.

नानांना मी अजून सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू?

ताई


ता. १७ फेब्रुवारी

चि. बारकीस,
नानांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सहा वर्षांनी तुला पत्र लिहितो आहे. अक्षर हलतं, समजून घे. तुझं पत्र टेबलावर पडलं होतं ते मी वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मीच तुम्हाला शिकवलं, तरीही वाचलं.

ताई समजते की मला काही माहीत नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी सकाळचा पेला मोजल्याशिवाय घेत नाही हे तू विसरलीस. भाजलेल्या डाळीचं पीठ माझ्या पेल्यात एकशेबारा ग्रॅम बसतं. तुझं चौऱ्याण्णव भरलं. आधी वाटलं काटा बिघडला, म्हणून वजनं ठेवून काटा तपासला. काटा ठीक होता. मग पीठ कागदावर पसरून भिंगाखाली धरलं. एक पाय दिसला, केसाएवढा, त्याला बारीक काटे होते. ऑफिसात असताना अशा खोट्या चिठ्ठीचा माल मी जागेवर सील केला असता आणि दुकानदाराला दिवसभर उभं केलं असतं.

मी ते पीठ पाण्यात कालवून प्यालो. वास बरा होता, भाजलेल्या दाण्यांसारखा. दुसऱ्या आठवड्यात पायांत बळ आलं. तुला कळवावंसं वाटलं. पण कळवायचं म्हणजे सहा वर्षांपूर्वीचे माझे शब्द परत घ्यायचे, आणि ते मला जमलं नाही. ताईला सांगितलं असतं तर तिने डबा फेकून दिला असता आणि मला तो हवा होता. म्हणून मूग गिळून बसलो.

जावई पडले त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मी ताईशेजारी बसलो होतो. डॉक्टर कोळंबी म्हणाले तेव्हा मला अंदाज आला. मी तोंड उघडलं नाही. ती बाई जिन्यात आली तेव्हा मी आतल्या खोलीत होतो, तेव्हाही उघडलं नाही. तू चिठ्ठी माझ्या प्रेमापोटी लिहिलीस. मी गप्प बसलो ते फक्त माझा ताठा सांभाळायला. तुझ्यापेक्षा मी जास्त गुन्हेगार आहे.

म्हणून मी असं ठरवलं आहे. वीस तारखेला मी डेपोत जाऊन सांगेन की ते पीठ मीच बाहेरून मागवलं, डब्यावर चिठ्ठीही मीच लावली, तुझा काही संबंध नाही. माझ्या अक्षरासारखंच तुझं अक्षर आहे, कुणाला शंका येणार नाही. बाई सुटेल, तुझी तपासणीही निभावेल. म्हाताऱ्याचं कोण काय करणार? तू येऊ नकोस, ताईला मी समजावीन.

तब्येतीस जप.
तुझे नाना


ता. १९ फेब्रुवारी

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

तुमचं अक्षर पाकिटावर पाहून मी आधी शेडमध्ये तिघींना दाखवलं, माझ्या वडिलांचं पत्र आलं म्हणून. मग उघडून वाचलं आणि रागाने इतकी रडले की त्या घाबरून पाणी घेऊन आल्या.

नाना, तुम्हाला माहीत होतं! दीड महिना मी रोज दचकून उठत होते की आज कळेल, आज डबा भिंतीवर फुटेल. तुम्ही मजेत पीत होता! एक कार्ड टाकायचं, दोन ओळींचं. पीठ पोचलं, काय आहे ते समजलं, चालेल. मी त्याच दिवशी लाल अक्षरांची खरी चिठ्ठी पाठवली असती आणि ताईने दाजींना त्या डब्याची हवासुद्धा लागू दिली नसती. तुमच्या दोन ओळींनी हे सगळं टळलं असतं. हे मी तुम्हाला कधीच बोलणार नव्हते, पण आता लिहिलं, लिहिलेलं राहू दे.

आणि आता मला वाचवायला तुम्ही डेपोत जाऊन आणखी एक खोटी चिठ्ठी चिकटवणार? तीही स्वतःच्या नावावर? काही गरज नाही. बत्तीस वर्षं तुम्ही कुणाचं ऐकून सील मोडलं नाहीत, आता माझ्यासाठी मोडायचं नाही.

मी आज सकाळी अन्न खात्याच्या कचेरीत जाऊन आले. जे झालं ते सगळं लेखी दिलं, डब्याची तारीख, चिठ्ठीवरचे शब्द, दाजींचं आजारपण. तिथल्या बाईंनी दोनदा विचारलं की मी हे आपणहून का सांगते आहे. मी म्हटलं, उद्या डेपोत सांगायचं आहे, तिथून तुमच्याकडे येण्याआधी माझ्याकडून आलेलं बरं. पंचवीसची तपासणी रद्द झाली. परवान्याचा निर्णय सहा महिने पुढे ढकलला, तोवर एकही पाकीट विकायचं नाही. तिघींना दुपारी सांगितलं. एकीने नुसता झाडू ठेवला आणि निघून गेली.

उद्या दहाला मी डेपोत आहे, म्हणून हे पत्र टपालात न टाकता संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देते आहे. तुम्हाला यायचं असेल तर या, पण जे खरं तेच बोलायला या. तुमचं गप्प बसणंही त्यात येतं.

तुमच्यावर चिडलेली आणि तुमचीच,
बारकी


ता. ३ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी तू डेपोतून परस्पर बसने निघून गेलीस, माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मीही बोलले नाही, म्हणजे फिट्टंफाट. तू सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलंस तेव्हा मला तुझा राग येत होता आणि तुला कुणी काही बोललं तर त्याचा गळा धरावा असंही वाटत होतं. तो मागचा मेकॅनिक हसला, त्याला नंतर मी बघून घेतलं. नाना उठून भिंत धरून बोलले, मला सगळं माहीत होतं म्हणाले, तेव्हा मात्र मला जमिनीने गिळावं असं झालं. घरी आल्यावर मी त्यांच्याशी पाच दिवस बोलले नाही. सहाव्या दिवशी ते स्वतःहून ह्यांच्या पायाशी जाऊन बसले. ह्यांनी त्यांना उठवलं आणि म्हणाले की नाना, तुम्ही जिवंत आहात आणि मीही आहे, आता चहा घेऊ. ह्यांना राग येतच नाही, तो सगळा माझ्या वाट्याला आला आहे.

हे सोमवारपासून कामावर जातात. पुन्हा असं झालं तर लगेच टोचायला डॉक्टरांनी एक सुई दिली आहे, ती कायम खिशात असते. सकाळी निघताना मी खिसा चाचपून बघते.

ती बाईही कामावर परत आली. डेपोने तिला पत्र दिलं, पण ते कसं, की चौकशीअंती दोष आढळला नाही. बस्स. म्हणून काल मी रजा टाकून कँटीनमध्ये गेले. गर्दी ओसरेपर्यंत थांबले, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की मी खोटी तक्रार केली, मला माफ करा. ती बटाटे कापत होती, सुरी थांबवली नाही. म्हणाली की बसा.

मग तिने सांगितलं. ती लहान असताना तिच्या घरी रातकिडे, टोळ, सगळं खात होते. तव्यावर भाजायचे, मीठ लावायचे. तिच्या मते ते खाणं कोंबडीहून चांगलं आणि किडे पाळण्यात तुझं काही चुकलं नाही, असले किडे पाळायला अक्कल लागते म्हणाली. फक्त त्यांच्या घरी नव्या माणसाला ताट देण्याआधी एक प्रश्न हमखास विचारत, कोळंबी-खेकडा सोसतो ना? तिच्या मामाला सोसत नव्हता. त्याचे ओठ तिने पाहिले होते, म्हणून ह्यांचे ओठ पाहिल्याबरोबर तिला कळलं. तिने डब्याचा वास घेतला आणि कंडक्टरला ओरडून सांगितलं की हे किड्यांचं आहे, डॉक्टरांना किड्यांचं म्हणून सांग. तो हसला आणि ते दवाखान्यात सांगितलंच नाही. तिने मला सांगितलं, डेपोच्या साहेबांना सांगितलं, माझ्या जिन्यात येऊन सांगितलं. ती ह्यांना वाचवायला बघत होती गं, स्वतःला नाही. घरात तो डबा आहे, हे परत खातील, या भीतीने ती चार मजले चढून आली होती. आणि मी तिला चिठ्ठी वाचून दाखवली.

मी काही बोलायच्या आत तिने मला विचारलं की तुम्ही एवढ्या शिकलेल्या, घरात तपासणी करणारे वडील, तपासणी करणारी बहीण, मग त्या दिवशी झाकण उघडून एकदा वास घ्यायला तुम्हाला काय झालं होतं?

तिथे सात-आठ जणं उभी होती. घरी येऊन तोच प्रश्न मी नानांना जसाच्या तसा सांगितला. तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, जाईल तेव्हा कळवीन. पण पुढच्या रविवारी तू आम्हाला न्यायला ये, कारण तिने विचारलं आहे की तुझं शेड तिला बघता येईल का, आणि तिला एकटीला तिकडे पाठवायचं तोंड माझ्याकडे नाही. मीही येईन. आत येईन की नाही ते दारात ठरवीन.

लोभ ठेव म्हणत नाही, मी तो तोडू शकले नाही एवढंच कळवते.
ताई